इर्शाळगडाच्या वाटेवर

बालाघाटात येडशी, येरमाळ्याच्या डोंगरांवर पाय मोकळे करणारे धाराशिवचे भटके पावसाळ्यात सह्याद्री गाठतात. रायगड जिल्ह्यातला इर्शाळगड तसा आडबाजूचा. माथेरान-प्रबळगडाच्या शेजारी, सुळक्याला नेढं, म्हणजे आरपार भोक, असलेला. नानिवलीतून पायवाटेनं चढताना मध्ये इर्शाळवाडी लागायची. ठाकर समाजाची 48 कुटुंबं, 228 माणसं. वर गाडीरस्ता नाही, म्हणूनच ही वाट भटक्यांना आवडायची.

17 ते 19 जुलै 2023
या भागात तीन दिवसांत 499 मिलिमीटर पाऊस. धाराशिव जिल्ह्यात अख्ख्या पावसाळ्याची सरासरी सहाशेच्या आसपास. खडकावरची माती पाणी पिऊन जड झालेली.

19 जुलै, दिवसभर
रायगडला रेड अलर्ट. गडावर जाणारा इशारा वाचून बेत रद्द करतो. वाडीकर जाणार कुठं? दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं. ती रिकामी केली गेली नाही.

रात्री 10.30 ते 11
दरड घरांवर आली. बहुतेक माणसं झोपेत. शाळेत बसलेली काही पोरं तेवढी जागी होती. त्यांनी खाली खबर दिली.

रात्री 11.30 च्या सुमारास
प्रशासनाला माहिती मिळाली. पायथ्यापर्यंत गाड्या येत होत्या, पुढं सगळी चढण पायी.

मध्यरात्रीनंतर
अंधार, पाऊस, निसरडी वाट. चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकारानं मृत्यू झाला. स्थानिक गिर्यारोहक, एनडीआरएफचे जवान वर पोचत राहिले. मंत्री गिरीश महाजनही पहाटे चढून गेले.

20 जुलै, सकाळ
मुख्यमंत्री एकनाथ शिंदे पायथ्याशी आले. हेलिकॉप्टरं तयार होती, हवामानामुळे उडाली नाहीत. 1993 च्या भूकंपात धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरपर्यंत निदान रस्ता होता; इथं जेसीबी वर नेता येईना. फावडी, कुदळी आणि हात, एवढ्यावर ढिगारा उपसायचा होता.

23 जुलै
शोध थांबवला. 27 मृतदेह सापडले होते, 57 जण बेपत्ता.

रस्ता नसल्यानं मदत उशिरा पोचली, हे खरं. पण दरड कोसळल्यावर रस्ता असता तरी झोपलेल्यांना किती वाचवता आलं असतं? त्यांना वाचवायची वेळ 19 तारखेच्या दुपारीच होती. इशारा जिल्ह्याच्या नावानं निघाला. धोका मात्र एका उताराला होता. उतारांची यादी अपुरी असेल, तर जिल्ह्याचा रेड अलर्ट फक्त सहली रद्द करण्यापुरता उरतो.