शिशुवर्गाचे गुण

शिशुवर्ग चांगला, हे कशावरून ठरवायचं? १९८० साली अमेरिकेत थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १ ते ७ गुणांची मोजपट्टी केली. त्यात जागा, खेळणी, दिनक्रम असं बरंच काही होतं. २००८ च्या 'क्लास'नं मात्र नजर बाई आणि मुलांच्या वागण्याबोलण्यावरच ठेवली. २० मिनिटं बघायचं, १० मिनिटांत गुण द्यायचे, असं चारदा. मूल काही बोललं की बाई पुढे विचारतात, की नुसतं 'शाब्बास' म्हणून मोकळ्या होतात? मला हे फार पटलं. पण २०११ च्या नियमानं गरीब मुलांसाठीच्या 'हेड स्टार्ट'मधल्या, त्या वर्षी तपासलेल्यांपैकी तळाच्या १० टक्के संस्थांना अनुदानासाठी पुन्हा स्पर्धेत उतरवलं. म्हणजे सगळे थोडेफार सुधारले तरी तळाला कोणीतरी असणारच! (आमच्या अप्रेझलचा बेल कर्व्ह, दुसरं काय.) २०२० मध्ये ते १० टक्के गेले, ठरावीक किमान गुणांची अट आधीही होती, ती वाढवली.