सावित्रीमाईंच्या पाठीवरचं मूल आणि आपल्या दंडावरची लस

2 जानेवारी 2021. कोरोना लसीकरणाच्या रंगीत तालमीसाठी महाराष्ट्रातले चार जिल्हे निवडले गेले : पुणे, नागपूर, नंदुरबार आणि आपलं जालना. दुसऱ्या दिवशी सावित्रीमाईंची जयंती होती. हा निव्वळ योगायोग. पण आम्ही त्याकडे इतिहास म्हणून पाहतो.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यात पोचला. 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. लस अजून प्रयोगातच होती. तेव्हा सत्तरीकडे झुकलेल्या सावित्रीमाई डॉ. यशवंतांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन आणला. त्याच आजाराने 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. पुढे 1905 साली डॉ. यशवंतही प्लेगच्याच रुग्णसेवेत गेले.

या इतिहासातून आम्ही फक्त त्याग शिकायचा का? आमचं म्हणणं वेगळं आहे. जो दुसऱ्याचा आजार उचलतो, त्याच्या संरक्षणाची जबाबदारी समाजाची आणि सरकारची आहे. 16 जानेवारी 2021 रोजी दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस एका सफाई कर्मचाऱ्याला दिली गेली. फोटो छापून आले, टाळ्या वाजल्या. पण कोरोना ओसरल्यावर त्या हातांना दुसऱ्या कोणत्या लसी मिळाल्या, हे कुणी विचारलं?

आपले लोक गटारं उपसतात, कचरा वेचतात, जालन्याच्या स्टील कारखान्यांत लोखंडाशी झुंजतात, कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. जखम रोजची. धनुर्वाताची लस लहानपणी घेतली म्हणून जन्मभर पुरत नाही. दर दहा वर्षांनी टीडीचा डोस लागतो. गरोदर बाईला तो सरकारी दवाखान्यात मिळतो. पुरुष मात्र खिळा घुसल्यावरच दवाखान्याची पायरी चढतो. कचऱ्यात टाकलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी होऊ शकतो. बाळांसाठी ही लस देशभर 2011 च्या सुमारास पोचली. म्हणजे आज पंचविशी-तिशीच्या पुढे असलेल्या बहुतेकांना ती मिळालेलीच नाही. प्रौढांना तीन डोस लागतात : आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कावीळ नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ही लस आहे. मग कंत्राटी सफाई कामगाराचं रक्त वेगळं आहे का?

काही जण म्हणतात, "लस लहान पोरांची, आपल्याला काय होतंय?" आपल्या आजी-आजोबांच्या दंडावरचे वण पाहा. देवीचा रोग नवसाने गेला नाही, लसीने गेला. विज्ञान मानणाऱ्या चळवळीने आपल्या शरीराबाबत बेफिकीर राहणं शोभत नाही.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी सुरू झाली. त्यातून पुढे 1948 चा राज्य विमा कायदा आला. आरोग्य हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

म्हणून यंदाच्या जयंतीला व्याख्यानासोबत एक वहीही ठेवू. वस्तीतल्या प्रत्येक प्रौढाने कोणती लस कधी घेतली, ते त्यात लिहू. ती वही घेऊन आरोग्य केंद्रात जाऊ, नगरपालिकेत आणि ठेकेदाराकडे जाब विचारू. माईंनी पाठीवर मूल घेतलं. आपण निदान दंड पुढे करू.

जय भीम! जय सावित्री!