शिक्षा घोड्याला की स्वाराला?

१८९६ सालचा हिवाळा. बेंगळुरूच्या कॅन्टोन्मेंटात तुम्ही एका तट्टाला खरारा करताय. अंगाला चंदीचा आणि घोड्याच्या घामाचा वास, डोक्याला रुमाल. फोर्थ हुसार्स या गोऱ्या पलटणीनं पूना लाइट हॉर्सची पोलोची पंचवीस तट्टं एकगठ्ठा विकत घेतली. त्यांच्याबरोबर मोतद्दार म्हणून तुम्हीही इकडे आलात, असं धरून चाला. हवा पुण्यासारखीच गार. मराठी बोलणारं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. शहाजीराजांची जहागीर होती इथे.

तुमचा साहेब अजून बावीसचाही नव्हता तेव्हा या देशात उतरला. उतरतानाच ससून डॉकच्या पायऱ्यांवर त्याचा खांदा निखळला. तेव्हापासून तो हात जपून वापरतो, पण पोलो सोडत नाही. नाव लेफ्टनंट विन्स्टन चर्चिल. लॉर्ड विल्यम बेरेसफर्डनं त्याला लिली नावाची शर्यतीची घोडी भेट दिली आहे आणि त्यावरून विलायतेत त्याच्या आईला घोर लागलाय. तिनं पत्रातून बजावलंय की रेसच्या फंदात पडू नकोस. हिंदुस्थानात रेस खेळून हात स्वच्छ ठेवणं जवळपास अशक्य, असं तिकडच्या बड्या मंडळींचं मत आहे आणि खुद्द युवराजांनीही तोच सल्ला दिलाय.

तट्टाची मान थोपटता थोपटता तुम्हाला हसू येतं. कारण तुम्ही काळाच्या पुढून आला आहात आणि तुम्हाला विलायतेतलं ऑल्डरशॉट ठाऊक आहे. मार्च १८९५ मध्ये तिथे याच पलटणीच्या तरुण अफसरांची एक शर्यत झाली. पाच घोडे होते. तुमचा साहेब ‘मिस्टर स्पेन्सर’ या नावानं धावला आणि तिसरा आला. जिंकला शुअरफूट. पण शुअरफूट म्हणून धावलेला घोडा शुअरफूट नव्हताच. त्याच्या नावावर दुसराच घोडा उतरवला होता. हेन्री लाबूशेर या खासदारानं आपल्या ‘ट्रूथ’ साप्ताहिकातून बोंब ठोकली. नॅशनल हंट कमिटीनं तर ती शर्यतच रद्द ठरवली आणि त्यात धावलेल्या सगळ्या घोड्यांवर कायमची बंदी घातली.

नीट ऐका, घोड्यांवर. अफसरांच्या अब्रूला धक्का लागला नाही. ते पोलोच्या काठ्या घेऊन बोटीत बसले आणि बेंगळुरूत येऊन गुलाबाच्या बागेतल्या बंगल्यात राहू लागले. हात मळतात ते हिंदुस्थानात, असं म्हणायला ते मोकळे. चूक माणसाची असताना घोड्याला वाळीत टाकायची ही खोड रेसच्या धंद्यात बरीच जुनी आहे. तिचाच माग काढायला तुम्ही निघालात.

खरारा खाली ठेवा. आता १९१३ चा जून, आणि तुमच्या हातात एपसमच्या डर्बीची बातमी असलेलं वर्तमानपत्र आहे. जगाला ती डर्बी आठवते एमिली डेव्हिसनसाठी. मतांचा हक्क मागणारी ही बाई राजाच्या घोड्यासमोर गेली आणि चार दिवसांनी वारली. त्या गदारोळात शर्यतीचा निकाल मागे पडला. फेव्हरिट क्रॅगनूर एका डोक्यानं पुढे होता. एकास शंभर भावाचा अबॉयर दुसरा. शेवटच्या टप्प्यात दोघांची चांगलीच धडकाधडकी झाली होती. दुसऱ्या आलेल्या जॉकीनं तक्रार केली नाही. ती शर्यतीचे पंच असलेल्या स्टुअर्डांनीच केली, न्यायही त्यांनीच दिला आणि क्रॅगनूर बाद झाला. त्याचा मालक बोवर इस्मे, म्हणजे बुडत्या टायटॅनिकवरून वाचलेल्या ब्रूस इस्मेचा भाऊ. निकालामागे तो राग होता, अशी कुजबूज पुढे बरीच वर्षं चालली. ती खरी मानायची की नाही ते तुम्ही ठरवा. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असले की अशी कुजबूज उठतेच, एवढं मात्र मी म्हणेन.

आता परत बेंगळुरू. १९२० च्या सुमारास इथे हाय ग्राउंड्सवर आजचं रेसकोर्स उभं राहतं. पुढची दशकं तुम्ही रेलिंगला टेकून झरझर पाहता. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे अशी मराठी नावं देशभरच्या रेसबुकांत झळकतात. हॅट घातलेले साहेब जातात, दोन-पाच रुपयांचं तिकीट मुठीत धरलेला कामगार येतो. त्याला खिलाडूवृत्तीबद्दल विचारलंत तर तो तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल. त्याचा प्रश्न एकच असतो: आपला घोडा कुणी अडवला का?

५ मे २०१९, पहाटेचे साडेचार वाजत आलेत. रेसकोर्स रोडजवळच्या एका खोलीत तुम्ही मोबाइलवर केंटकी डर्बी बघताय. मॅक्झिमम सिक्युरिटी आरामात पुढे येतो. पण वळणावर तो बाहेर सरकला होता आणि मागच्या घोड्यांचे पाय त्याच्या पायांत अडकता अडकता वाचले होते. स्टुअर्ड बावीस मिनिटं चित्रफीत पाहतात आणि पहिल्याला थेट सतराव्यावर नेतात. डर्बी जाते एकास पासष्ट भावाच्या कंट्री हाउसला, ज्याला त्या ढकलाढकलीची फारशी झळ लागलीच नव्हती. जॉकी लुइस साएझला पंधरा दिवसांची बंदी मिळाली, पण मोठा दंड भरला तो घोड्यानं.

ब्रिटनमध्ये हाच निकाल बहुधा उलटा लागला असता. तिथले स्टुअर्ड साधा हिशेब मांडतात: अडथळा झाला नसता, तर अडवला गेलेला घोडा अडवणाऱ्याच्या पुढे आला असता का? नसता, तर क्रम जसाच्या तसा ठेवा आणि जॉकीचा समाचार वेगळा घ्या. जपानमध्ये आधी असं नव्हतं: २०१० च्या जपान कपमध्ये ब्युएना व्हिस्टा पहिली येऊनही दुसरी ठरवली गेली. २०१३ मध्ये जपाननंही हा नवा हिशेब स्वीकारला. २०१८ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी त्याच वाटेनं गेले. ऑल्डरशॉटचं चाक पूर्ण उलटं फिरलं. आता घोडा सुटतो, माणूस अडकतो. मला हे बरं वाटतं. पण त्यात एक भोक आहे, आणि ते स्टँडमधून दिसत नाही.

म्हणून शेवटची उडी थेट खोगिरावर मारा. बेंगळुरूचा समर सीझन, पावसाची भुरभुर, तुम्ही अप्रेंटिस जॉकी. वजन पन्नास किलोच्या आसपास, खाली साडेचारशे किलोंचं जनावर, वेग ताशी साठ. या कोर्सला चढउतार आहेत. उतारावर घोडा आपोआप सुटतो आणि मागून आलेल्यांना सरळ धावायचं भान राहत नाही. स्ट्रेटमध्ये तुम्ही अर्धी लेन्थ पुढे आहात. आत, रेलच्या अंगानं, एक घोडा येतोय. त्याचा श्वास ऐकू येतो. त्यावरचा जॉकी साताऱ्याकडचा, तुमच्याहून दहा वर्षांनी मोठा. चाबूक तुमच्या बाहेरच्या हातात आहे. तुम्ही मारता. घोडा चाबकापासून दूर, म्हणजे आत सरकतो. तुम्ही पुन्हा मारता. आतल्याची जागा संपते. तो ओरडतो, उठून बसतो, लगाम खेचतो. स्टँडमधून कानडी आरोळ्यांची लाट येते. विनिंग पोस्टवर तुम्ही पाऊण लेन्थनं पुढे.

मग भोंगा. ऑब्जेक्शन. तिकिटं फाडू नका, अशी घोषणा होते. वजनकाट्यावरून उतरून तुम्ही स्टुअर्डांसमोर उभे राहता. टोपी काखेत, बुटांना चिखल. पडद्यावर समोरच्या कॅमेऱ्यातली फीत: आधी पूर्ण, मग संथ, मग एकेक चौकट थांबवून. ‘‘घोडा आत आला, सर. मी ओढला, पण आला,’’ तुम्ही म्हणता. सगळेच हे म्हणतात. स्टुअर्डांपुढचा सवाल घोड्यांचा आहे: अडथळा नसता, तर तो पाऊण लेन्थ भरून काढून तुमच्या पुढे गेला असता का? त्यांना तसं वाटत नाही. निकाल कायम. बाहेर पैसे वाटले जातात. तुम्हाला निष्काळजी रायडिंगबद्दल काही दिवसांची बंदी.

आता हिशेब करा. बंदीचे ते दिवस एका पारड्यात, मोठ्या शर्यतीच्या बक्षिसातला जॉकीचा वाटा दुसऱ्यात. हेच ते भोक. रायडिंग धोकादायक ठरलं तर घोडाही बाद होऊ शकतो, अशी सोय ब्रिटनच्या नियमांत आहे; पण निष्काळजी कुठे संपतं आणि धोकादायक कुठे सुरू होतं, हे फीत सांगत नाही. ती घोड्याची सरक दाखवते, पोटातला हेतू नाही. शिवाय ज्याला खरंच आडवं गेलं, त्याच्या घोड्यावर पैसे लावणाऱ्याला या नियमात काहीच मिळत नाही.

जॉकी रूममध्ये साताऱ्याचा गडी बूट काढत बसलाय. तुम्ही त्याच्या शेजारी बसता.

‘‘दादा, चुकून झालं.’’

‘‘पहिल्यांदा चुकून,’’ तो म्हणतो. ‘‘तुझा घोडा आत आला तेव्हा चाबूक कुठल्या हातात होता?’’

‘‘बाहेरच्या.’’

‘‘आणि दुसरा फटका?’’

हात बदलायला क्षणभर लागतो. त्या क्षणात अर्धी लेन्थ जाते, आणि हे अप्रेंटिसला पहिल्याच महिन्यात शिकवतात. फटका न मारता घोडा आधी सरळ करायचा, हेही त्याच महिन्यात शिकवतात.

‘‘बाहेरच्याच,’’ तुम्ही म्हणता.

तो मान हलवतो. ‘‘आत तसं सांगितलं नाहीस.’’

‘‘त्यांनी विचारलं नाही.’’

‘‘मी विचारतोय ना,’’ असं म्हणून तो दुसऱ्या बुटाकडे वळतो. पुढच्या शर्यतीला वीस मिनिटं उरली आहेत, आणि त्याला तीत घोडा आहे.