वहीतला नफा, गाठीचा पैसा

मी कवितेत रमणारा माणूस. बी.ए. झालो, पण हिशेबाशी माझे कधी जमले नाही. तरीही खेळते भांडवल म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी अब्बांच्या वहीने शिकवले.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. रत्नागिरीजवळच्या दोन-तीन आंब्याच्या बागा अब्बा मोहोर बघून कराराने घेत. फवारणी, राखण, काढणी, पेंढा, लाकडी पेट्या, ट्रकभाडे हा सगळा खर्च आधी. पेट्या मुंबईच्या दलालाकडे जात. त्याची पट्टी लवकर यायची, पैसे मात्र सवडीने. एका वर्षी आंबा उत्तम आला, भावही मिळाला. वहीत चांगला नफा दिसत होता. पण दलालाकडची रक्कम पावसाळा सरला तरी आली नाही. इकडे बागमालक, पेटीवाला, गडीमाणसे दारात उभी. अम्मीच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. पुढच्या हंगामाला बाग घ्यायला हातात पैसा नव्हता. नफ्यातला धंदा बंद पडला. अब्बा म्हणायचे, "वही हसतेय, पण गल्ला रडतोय."

वर्षभरात हाती येईल असा पैसा, म्हणजे रोकड, माल आणि येणे उधारी. त्यातून वर्षभरात द्यायची देणी वजा केली की उरते ते खेळते भांडवल. कारखाना असो वा आंब्याची पेटी, सूत्र हेच.

आता म्युच्युअल फंडाकडे वळू. फंडाला ना गोदाम, ना उधारीची वही. मग त्याचे खेळते भांडवल शोधायचे कुठे? हे सांगण्यासाठी आपल्या देशातल्या पहिल्या फंडाची कहाणी सांगावी लागेल.

संसदेने १९६३ साली कायदा केला आणि १ फेब्रुवारी १९६४ रोजी युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची स्थापना झाली. त्याच वर्षी जुलैत 'यूएस-६४' योजना आली. दहा रुपये दर्शनी किमतीचे युनिट, नियमित लाभांश आणि सरकारी छत्र. मास्तर, कारकून, पोस्टमन, निवृत्त माणसे असे कोट्यवधी लोक तिच्यात आले. पण युनिटची खरेदी-विक्री फंडाजवळच्या गुंतवणुकीच्या खऱ्या मोलाने होत नव्हती. ट्रस्ट ठरवील तो भाव. पुढे योजनेत समभागांचा वाटा वाढत गेला. बाजार पडला की आतले मोल घटे, बाहेरची पाटी तीच राही. १९९८ मध्ये गंगाजळी उणे झाल्याचे उघड झाले. २००१ च्या उन्हाळ्यात मोठ्या कंपन्यांनी मोठ्या रकमा काढून घेतल्या आणि २ जुलै २००१ रोजी युनिटची विक्री व परतखरेदी सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आली. ज्यांनी घाई केली ते बाहेर पडले, विश्वास ठेवणारे अडकले. ऑगस्टपासून लहान गुंतवणूकदारांना तीन हजार युनिटपर्यंत ठरावीक भावाने पैसे काढण्याची सोय मिळाली. २००२ पासून भाव निव्वळ मालमत्ता मूल्याला बांधला गेला आणि २००३ मध्ये ट्रस्टचे दोन भाग झाले.

माझ्या दृष्टीने ही अब्बांचीच वही, फक्त मोठ्या अक्षरांत. पाटीवरचा आकडा आणि गाठीचा पैसा यांतले अंतर मागणारे दारात आले की कळते. पुढे २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना गुंडाळल्या, तेव्हाही हाच प्रश्न होता: रोखे आहेत, पण आज विकत घेणार कोण? त्या पैशांसाठी लोकांना हप्त्याहप्त्याने वाट पाहावी लागली.

म्हणून फंड पारखताना दोन ठिकाणी डोकवावे. पहिले, फंडाच्या दारात. त्याच्याकडे रोकड किती आणि लगेच विकता येतील असे समभाग-रोखे किती? दुसरे, त्याने ज्या कंपन्यांत पैसा घातला त्यांच्या घरात. फंड आपली यादी दरमहा जाहीर करतो. त्यातल्या मोठ्या पाच-सहा कंपन्यांचे ताळेबंद काढावेत. समजा, एका कंपनीचा माल ६० दिवस पडून राहतो, उधारी ९० दिवसांनी वसूल होते आणि पुरवठादाराचे पैसे ती ४५ दिवसांनी देते. साठ अधिक नव्वद, वजा पंचेचाळीस. म्हणजे १०५ दिवस पैसा अडकलेला. हे दिवस वर्षागणिक वाढत असतील आणि नफाही वाढताना दिसत असेल, तर सावध व्हावे. विक्री झाली असेल, वसुली झालेली नाही.

मात्र एकच माप सगळ्यांना लावू नये. रोखीने विकणाऱ्या आणि पुरवठादाराला सवडीने देणाऱ्या दुकानाचे खेळते भांडवल उणे असले, तरी ते आजारपण नव्हे. बँकांना तर हे माप लागूच पडत नाही. पैसा हाच त्यांचा माल. शिवाय एका वर्षाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, पाच वर्षे शेजारी मांडावीत.

अब्बांची ती वही अजून माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर त्या वर्षीचा नफा सुबक अक्षरांत लिहिलाय. त्याखाली, वेगळ्या शाईने, फक्त दोन शब्द: 'येणे बाकी'.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)