होल्टर मॉनिटर

रुग्णाचे रोजचे व्यवहार चालू असताना साधारण २४ ते ४८ तास हृदयाचा ईसीजी अखंड नोंदवणारे, अंगावर वागवायचे उपकरण. दवाखान्यातला नेहमीचा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो. हृदयाचे ठोके मात्र दिवसाला सुमारे एक लाख पडतात. मधूनच होणारी धडधड, चुकलेला ठोका किंवा अचानक आलेली भोवळ नेमकी त्या १० सेकंदांत सापडणे हा नशिबाचा भाग.

अमेरिकेतील माँटाना राज्यातल्या हेलेना गावचे जीवभौतिकीतज्ज्ञ नॉर्मन जेफरिस होल्टर (१९१४–१९८३) हे याचे जनक. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी केलेला पहिला संच रेडिओलहरींनी ईसीजी दूर पाठवत असे. त्याचे वजन होते सुमारे ३८ किलो! तो पाठीवर बांधून होल्टर स्वतः व्यायामाची सायकल चालवत. दूरस्थ देखरेखीची कल्पना मोबाइलपेक्षा किती जुनी, हे यावरून दिसते. पुढे ट्रान्झिस्टर आणि चुंबकीय फीत आल्यावर संच आटोपशीर झाला. १९६१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी ही पद्धत मांडली. फीत साठपट वेगाने फिरवली की २४ तासांची नोंद २४ मिनिटांत तपासून होई. ठोक्यांची लय बिघडली की ते फिरणाऱ्या फितीच्या आवाजावरूनही कळे.

आजचा संच तळहातात मावतो. छातीवर इलेक्ट्रोड चिकटवतात. संच भिजू द्यायचा नसतो, म्हणून बहुधा आंघोळीला सुट्टी. सोबत दिलेल्या डायरीत त्रास कधी झाला आणि तेव्हा काय चालले होते हे लिहायचे असते. पुष्कळ जण ती कोरीच परत करतात. त्रासाची वेळ आलेखाशी जुळवता आली नाही, तर तपासणीचा निम्मा उपयोग वाया जातो.

डॉक्टर पडद्यावर हा आलेख त्याच क्षणी पाहत असतात, हा गैरसमज. नेहमीच्या होल्टरची नोंद संच काढल्यावरच वाचली जाते. तत्काळ माहिती पाठवणारी उपकरणे वेगळी. महिन्यातून एखाद्या वेळी होणाऱ्या त्रासासाठी १४ दिवसांची चिकटपट्टी किंवा त्वचेखाली बसवायचा नोंदक वापरतात.

मनगटी स्मार्ट घड्याळेही प्रकाशाच्या साहाय्याने नाडी टिपतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲपल हार्ट स्टडी’त ४,१९,२९७ जणांपैकी २,१६१ जणांना अनियमित नाडीची सूचना मिळाली. त्यांपैकी ज्या ४५० जणांच्या ईसीजी पट्टीची नोंद तपासता आली, त्यांत ३४ टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) आढळले. हा विकार येतो-जातो, म्हणून उरलेल्या सगळ्या सूचना खोट्या ठरत नाहीत. पण प्रकाशाने टिपलेल्या नाडीवरून मिळालेल्या सूचनेची ईसीजीने खात्री केल्याखेरीज निदान पक्के धरत नाहीत.