पडद्यामागचं तोंड

माझ्या पेडलबोर्डवरची एकच वस्तू हार्डवेअरच्या दुकानातून आलेली आहे. गवंडी लेव्हल काढायला पाणी भरून जी पारदर्शक नळी वापरतात, तिचा दोन मीटरचा तुकडा. दुकानदाराने विचारलं, “स्लॅबला हवीय का?” मी म्हटलं, “नाही, तोंडात धरायचीय.” त्याने पुढे काही विचारलं नाही.

टॉक बॉक्स म्हणजे मुळात एवढंच. लाकडी किंवा पत्र्याच्या डब्यात भोंग्याचा ड्रायव्हर बसवलेला असतो, जत्रेतल्या कर्ण्याच्या मागच्या बाजूला असतो तसा. त्याच्या तोंडाला नळी. गिटारचा आवाज स्पीकरमधून बाहेर न पडता नळीतून वर येतो आणि वाजवणाऱ्याच्या तोंडात शिरतो. घशाने गप्प बसायचं आणि बोलल्यासारखी जीभ, गाल, ओठ हलवायचे. समोरच्या गायकाच्या माइकमध्ये गिटारच शब्द बोलते. स्वरयंत्राचं काम तारा करतात, उरलेलं तोंड आपलं. शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या अर्धवटरावाची ही बरोबर उलटी बाजू. तिथे माणसाचे ओठ मिटलेले असतात आणि बाहुला बोलतो. इथे माणूस तोंड वेडंवाकडं करतो आणि आवाज त्याचा नसतो.

ऑर्केस्ट्रात वाजवणारे आम्ही लोक या डब्याला रॉक गिटारवादक पीटर फ्रॅम्प्टनच्या नावावरून सरसकट ‘फ्रॅम्प्टनवाला आवाज’ म्हणत आलो. ते अर्धसत्य आहे. आणि त्या अर्धसत्याखाली एक बाई झाकली गेली आहे, म्हणून हा लेख.

1939 साली अमेरिकेत आल्विनो रे नावाचा वादक इलेक्ट्रिक स्टील गिटार वाजवत असे. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी दांडी सरकवत वाजवायची ती गिटार. आपल्याकडे तिला हवाईयन गिटार म्हणतात. रे हौशी रेडिओवालाही होता, ज्यांना हॅम म्हणतात त्यांच्यापैकी. त्याचं कॉलसाइन डब्ल्यू6यूके. लष्करी वैमानिकांसाठी घशाला लावायचा कार्बन मायक्रोफोन निघाला होता. रेने तो अशा रीतीने जोडला की त्यातून गिटारच्या आवाजाला वळण देता यावं. हा माइक लावला त्याच्या बायकोच्या गळ्याला. ती लुईस किंग, किंग सिस्टर्स या गाणाऱ्या बहिणींपैकी एक. लुईस पडद्यामागे उभी राहून ओठांनी शब्द आकारायची, रे पडद्यापुढे दांडी सरकवायचा, आणि लोकांना वाटायचं, गिटार गातेय! या बोलक्या गिटारला ‘स्ट्रिंगी’ असं लाडाचं नावही पडलं. 1944च्या ‘जॅम सेशन’ या चित्रपटात हा प्रकार आहे.

यात आवाज रेचा आणि शब्द लुईसचे. एका वाद्यात दोन माणसं. जाहिरात मात्र ‘गाणाऱ्या गिटार’ची. मला हे फार ओळखीचं वाटतं. आपल्या संगीत नाटकातही आतून साथ देणाऱ्यांची नावं कितीजणांना ठाऊक असतात?

त्याच सुमाराला गिल्बर्ट राइटने सोनोव्हॉक्स काढला: दोन छोटे स्पीकर गळ्याच्या दोन बाजूंना टेकवायचे आणि तोंड हलवायचं. इलेक्ट्रिक रेझरने दाढी करताना त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. 1941च्या डिस्नेच्या ‘डम्बो’मध्ये आगगाडी बोलते, ती सोनोव्हॉक्समुळेच. पुढे रेडिओच्या जिंगल्समध्ये तो खूप वाजला. गिटारवाल्यांनी मात्र त्याला फारसा हात लावल्याचं दिसत नाही. गळ्यावर दोन डबे धरले तर तारा कोण छेडणार?

नळी आली आणि ही अडचण सुटली. नॅशव्हिलचा पेडल स्टील वादक पीट ड्रेक याने 1964 साली ‘फॉरएव्हर’ ही तबकडी काढली. तिच्यात स्टील गिटार हळुवार कुजबुजते. ड्रेकने रेचं वाजवणं ऐकलेलं होतं. त्याच्या नळीने एक गोष्ट केली: पडद्यामागचं माणूस संपलं. वाजवणारा आणि बोलणारा एकच झाला. तंत्र पुढे गेलं खरं, पण लुईसची जागा गेली ती याच पायरीवर.

1970 साली जॉर्ज हॅरिसनच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’साठी ड्रेक लंडनला, ॲबी रोड स्टुडिओत गेला होता. तिथे विशीतला पीटर फ्रॅम्प्टन होता. ड्रेकने त्याला नळी तोंडात धरून दाखवली आणि पोरगं खुळावलं. नॅशव्हिलचाच आणखी एक स्टील वादक बिल वेस्ट याने एक डबा बनवून रॉक गिटारवादक जो वॉल्शला दिला. वॉल्शचं ‘रॉकी माउंटन वे’ आलं 1973 साली. स्टुडिओत ठीक होतं, पण दौऱ्यावर ड्रम आणि भिंतीएवढ्या ॲम्प्सपुढे कुजबुजीला कोण विचारतो? म्हणून इलिनॉयमधल्या बॉब हाइलने वॉल्शसाठी दणकट ड्रायव्हरचा डबा बांधला. वॉल्श आणि हाइल हे दोघेही हॅम होते. एकाचं कॉलसाइन डब्ल्यूबी6एसीयू, दुसऱ्याचं के9ईआयडी. रेपासून मोजलं तर या डब्याच्या वंशावळीत तीन कॉलसाइनं येतात. सोल्डरिंगच्या धुरात रात्री जागवणाऱ्या माणसांचं हे अपत्य आहे.

1974च्या नाताळात हाइलने असाच एक डबा फ्रॅम्प्टनला भेट दिला. जानेवारी 1976मध्ये ‘फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!’ हा अल्बम आला, त्यातल्या सुमारे 14 मिनिटांच्या ‘डू यू फील लाइक वुई डू’मध्ये गिटार प्रेक्षकांशी बोलू लागली, आणि तेव्हापासून नाव फ्रॅम्प्टनचं झालं. पुढचं थोडक्यात: रॉजर ट्राउटमनने गिटारऐवजी सिंथेसायझर नळीत सोडला आणि फंकला नवा गळा दिला, 1986मध्ये बॉन जोव्हीच्या ‘लिव्हिन ऑन अ प्रेयर’च्या सुरुवातीला रिची सॅम्बोराचा तो ‘वाव-वाव’ आला, आमच्या पिढीला टॉक बॉक्स कळला तो त्याच्यामुळे.

आता माझी फजिती. गेली काही वर्षं मी ॲम्प वाहत नाही. सगळे ॲम्प, सगळ्या कॅबिनेट एका डिजिटल फ्लोअर मॉडेलरच्या पोटात आहेत. तिथून थेट मिक्सरला. जुन्या घाटाचा टॉक बॉक्स मी आणला आणि मॉडेलरच्या आउटपुटला जोडला. नळीत मुंगीच्या आवाजाएवढंही काही नाही. कारण शाळकरी आहे. त्या डब्याला ॲम्पच्या स्पीकर आउटपुटची ताकद लागते. मॉडेलर फक्त लाइन लेव्हल देतो. ज्या वजनापासून मी सुटलो होतो, तेच हा डबा परत मागत होता. शेवटी आतच छोटा पॉवर ॲम्प असलेला टॉक बॉक्स घेतला. मॉडेलरच्या सेंडमधून, डिस्टॉर्शननंतर आणि डिलेच्या आधी, त्याला सिग्नल देतो. तिथे कॅबिनेटचं सिम्युलेशन लागू होता कामा नये, नाहीतर आवाज दोनदा गाळला जातो आणि तोंडात नुसता गोधडीत गुंडाळलेला खर्ज येतो. खालचे खर्ज स्वर कापायचे, मधले वाढवायचे. डिस्टॉर्शन थोडं जास्तच हवं, कारण जिभेला कोरायला आवाजात भरपूर ऐवज लागतो. स्वच्छ गिटारवर स्वर पुसट उमटतात.

पहिला प्रयोग चिंचवडच्या एका गणेश मंडळात. गिटारचा माझा आवाज आता गायकाच्या माइकमधून जाणार, म्हणजे तो माइक चढवावा लागणार, म्हणजे मॉनिटर शिट्टी मारणार. तशी त्याने मारलीच. साउंडवाला पोरगा वाकून म्हणाला, “काका, तोंडातलं काढा, माइक बंद करतो.” तेव्हापासून मी कानात इअरमॉनिटर घालतो आणि त्या माइकला नॉइज गेट लावतो. नळी माइक स्टँडला इन्सुलेशन टेपने बांधलेली, टोक माइकच्या पुढे चार बोटं.

आणि मराठी? रियाजात मी आधी ‘आई’ म्हणून पाहिलं. लगेच जमलं, स्वर हे या डब्याचं माहेरच आहे. ‘मामा’ म्हणायला गेलो तर ‘बाबा’ निघालं. सर्दीत होतं तसंच. नाकातून आवाज जात नाही तोवर ‘म’चा ‘ब’ होतो. ‘स’ला फुप्फुसातली हवा लागते, ती तारांकडे नाही, मग तेवढी फुंकर आपली आपण घालायची. ‘ळ’ मात्र झकास. जीभ टाळूकडे वळते, गिटार वळते. ‘आळंदी’ हा शब्द माझ्या गिटारने माझ्यापेक्षा गोड म्हटला. वरच्या दाढेतलं चांदीचं सिमेंट थरथरलं ते वेगळं.

मॉडेलरमध्ये ‘टॉकिंग’ नावाचे दोन इफेक्ट आहेत. पायाने पेडल दाबलं की ‘आ’चा ‘ओ’ होतो. वाजवून पाहिले, एका कार्यक्रमात वापरलेही. ते स्वर बदलतात, बोलत नाहीत. बाकी सगळा सरंजाम चिपमध्ये गेला, हे एक तोंड अजून जाता जात नाही.

लुईसचं तोंड कसं हलायचं ते पडद्यामुळे तिच्या प्रेक्षकांनी कधी पाहिलं नाही. माझं मात्र सगळ्यांना दिसतं, आणि फोटो काढणाऱ्या पुतण्याच्या मते ते दिसू नये असंच असतं. तुम्ही हा डबा घेणार असाल तर एवढं करा: गवंड्याची नळी नको, खाण्यापिण्याला चालणारी आणा, कार्यक्रम झाला की गरम पाण्याने धुवा, आणि कुणी कितीही मागितली तरी दुसऱ्याला तोंडात धरायला देऊ नका.