जुन्या बाजाराच्या इमारतीत नवी वस्ती : सहनिवास प्रकल्पाचे नियोजन

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ओकलंड शहराच्या जुन्या भागात ‘स्वॉन्स मार्केट’ ही १९१७ पासूनची बाजाराची इमारत आहे. व्यापार ओसरल्यानंतर ती पाडण्याऐवजी ‘ईस्ट बे एशियन लोकल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ या ना-नफा संस्थेने तिचा पुनर्विकास केला. २००० पासून तेथे दुकाने व कार्यालयांबरोबरच परवडणाऱ्या भाड्याची १८ घरे आणि सहनिवास पद्धतीची मालकीची २० घरे आहेत. वापराविना पडून असलेल्या व्यापारी इमारतींचे काय करावे, हा प्रश्न अनेक शहरांपुढे असताना या प्रयोगाकडे नियोजनाचा नमुना म्हणून पाहता येते.

सहनिवास म्हणजे काय?

सहनिवास अर्थात को-हाउसिंगमध्ये प्रत्येक कुटुंबाचे स्वयंपाकघरासह स्वतंत्र घर असते. त्याला जोडून सर्वांच्या मालकीचे एक सामाईक घर असते. त्यात मोठे स्वयंपाकघर, भोजनकक्ष, मुलांची खोली, पाहुण्यांची खोली, धुलाईची सोय असते. आठवड्यातील काही जेवणे एकत्र होतात आणि कामे पाळीपाळीने केली जातात. मिळकत मात्र ज्याची त्याची राहते. मराठी वाचकाला येथे चाळीचा सज्जा आठवणे स्वाभाविक आहे. परंतु चाळीची रचना घरमालक ठरवीत असे, सहनिवासात ती भावी रहिवासी ठरवितात.

या कल्पनेचे मूळ डेन्मार्कमध्ये आहे. वास्तुविशारद यान गुडमन-हॉयर यांनी १९६४ मध्ये मित्रांसह अशा वस्तीची आखणी सुरू केली. मात्र शेजाऱ्यांच्या विरोधामुळे पहिली जागा सोडावी लागली. ‘मुलांना शंभर आईवडील असावेत’ या आशयाच्या बोडिल ग्रो यांच्या १९६७ मधील लेखाने या विचाराला चालना मिळाली आणि १९७२ मध्ये ‘सेट्टेडामेन’ ही पहिली वसाहत उभी राहिली. पुढे कॅथरिन मॅकॅमंट व चार्ल्स ड्युरेट या वास्तुविशारद दांपत्याने १९८८ मधील पुस्तकाद्वारे ही पद्धत अमेरिकेत परिचित केली. ओकलंडशेजारच्या एमरिव्हिल येथे विटांच्या जुन्या औद्योगिक इमारतीत १२ घरांची ‘डॉयल स्ट्रीट’ वसाहत १९९२ मध्ये साकारली.

घरांची संख्या उजेड ठरवितो

जुन्या इमारतीत किती घरे बसतील, हे केवळ एकूण क्षेत्रफळावरून काढणे ही नियोजनातील पहिली चूक ठरते. दुकाने व कार्यालये कृत्रिम प्रकाशावर चालू शकतात, घरे नाहीत. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार, प्रकाश देणाऱ्या खिडकीपासून साडेसात मीटरपेक्षा दूर असलेला खोलीचा भाग प्रकाशित मानला जात नाही. म्हणजेच समोरासमोरच्या दोनच बाजूंना खिडक्या असलेल्या इमारतीची खोली चाळीस मीटर असेल, तर फार तर पंधरा मीटर भाग राहण्याच्या खोल्यांना उपयोगी पडतो.

उरलेल्या भागावर दोन उपाय दिसतात. ओकलंडमध्ये मधल्या भागाचे छप्पर काढून आत मोकळी गल्ली निर्माण करण्यात आली. छपराच्या पोलादी कैच्या तशाच ठेवल्या आणि घरांची दारे त्या गल्लीकडे उघडली. डेन्मार्कमधील रॉस्किल्ड येथे जुन्या लोखंड ओतकामाच्या कारखान्याची ‘येर्नस्टोबेरिएट’ ही वसाहत झाली, तेव्हा मधला भव्य कक्ष छपरासह राखून तो सर्वांसाठी ठेवण्यात आला. दोन्ही ठिकाणी विक्रीयोग्य वाटणारी मधली जागा सोडल्यामुळेच भोवतीची घरे राहण्याजोगी झाली.

भारक्षमतेच्या बाबतीत अशी इमारत सोयीची ठरू शकते. भारतीय मानकानुसार निवासी खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, तर किरकोळ दुकानांसाठी ४ किलोन्यूटन भार धरला जातो. अडचण पाण्याची असते. कार्यालयीन इमारतीत स्वच्छतागृहे बहुधा एकाच ठिकाणी असतात. प्रत्येक घराला न्हाणीघर व स्वयंपाकघर द्यायचे, तर स्लॅबमधून नव्या वाहिन्या न्याव्या लागतात. त्यासाठी संरचना अभियंत्याची तपासणी खरेदीपूर्वीच करून घेणे श्रेयस्कर असते.

पैसा आणि परवानगी

सर्वांत मोठी जोखीम सुरुवातीच्या काळात असते. सभासदांची बचत गुंतलेली असते आणि वापरबदलाची परवानगी हाती नसते. व्यापारी वापराची इमारत निवासी करण्यासाठी स्थानिक नियोजन प्राधिकरणाची मंजुरी लागते. जिने, बाहेर पडण्याचे मार्ग व अग्निसुरक्षा यांची निवासी निकषांवर पुन्हा तपासणी होते. त्यामुळे खरेदीचा करार परवानगीच्या अटीवर करणे हे गटाचे महत्त्वाचे संरक्षण ठरते.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार विक्रीसाठी अस्तित्वातील इमारतीचे सदनिकांत रूपांतर करणाराही ‘प्रवर्तक’ ठरतो. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. गटाने विकासकाची मदत घेतल्यास या तरतुदींची माहिती प्रत्येक सभासदाला असायला हवी.

आधी माणसे, मग नकाशा

सामाईक घराची जागा आणि खर्च प्रत्येकाच्या वाट्यातून येतो. स्वतःची बैठकीची खोली थोडी लहान करून मोठा भोजनकक्ष घ्यायचा का, वृद्ध सभासदांसाठी लिफ्ट कोठे असावी, घर विकताना नव्या खरेदीदाराला सामाईक कामांचे नियम कसे लागू होतील, मतभेद एकमताने सोडवायचे की बहुमताने, या प्रश्नांची उत्तरे नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी लेखी स्वरूपात असावी लागतात. इमारत पूर्ण झाल्यावर भिंती हलविणे खर्चिक असते आणि ज्यांना हे जीवन नको होते त्यांना त्यात सामावून घेणे त्याहून अवघड. म्हणूनच इमारत निश्चित होण्यापूर्वी रहिवाशांचा मूळ गट तयार असणे ही या प्रकल्पांची पहिली अट मानली जाते. तो गट नसेल, तर उत्तम रूपांतर होऊनही हाती येतो तो केवळ आणखी एक सदनिकांचा संकुल.